भुताची मातृभाषा

माणूस घाबरला की त्याची खरी भाषा बाहेर पडते म्हणतात. आमच्या काकांची चप्पल बाहेर पडली.

निपाणीत तंबाखूचं आंदोलन झालं १९८१ साली. ही गोष्ट त्याच्या आदल्या हिवाळ्यातली. वेदगंगेकडच्या पट्ट्यातलं आमचं गाव. गावाबाहेरच्या माळावर तंबू टॉकीज लागायचं आणि तिथं रेघा पडलेले, मधेच तुटणारे जुने हिंदी पिक्चर दाखवायचे. त्या रात्री 'बीस साल बाद' होता. १९६२ सालचा हा पिक्चर आमच्याकडं अठरा वर्षांनी पोचला, म्हणजे नावाच्या मानानं दोन वर्षं लवकरच आला.

मी तेव्हा नऊ वर्षांचा. धाकटे काका पंचविशीचे, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. गावात धीट म्हणून त्यांचं नाव होतं. ते त्यांनी स्वतःच केलेलं. सेकंड शो सुटला तेव्हा साडेबारा वाजले होते. घर दीड मैलावर, मधे गाडीवाट आणि दोन्ही अंगांना उभा ऊस. काका म्हणाले, "भ्या वाटलं की मोठ्यानं गाणं म्हणायचं. आवाज असला की काय बी जवळ येत न्हाई."

सल्ला चांगला होता. पण गाणं आठवायला गेलं की घटकाभरापूर्वी ऐकलेलंच तोंडात यायचं. रात्रीच्या रानातून बाई न दिसता नुसता आवाज येतो, ते. म्हणजे भूत जवळ येऊ नये म्हणून आम्ही भुताचंच गाणं म्हणत निघालो. काकांनी एक कडवं पुरं केलं, श्वास घ्यायला थांबले आणि उसातून गाणं आलं.

आमचं नव्हे, दुसरंच. बाप्याचा आवाज, सूर लांबवलेला, भाषा कानडी. मला तेव्हा कानडी येत नव्हतं, त्यामुळं मला त्यात भिण्यासारखं काही वाटेना. चाल बरी होती. मी विचारलं, "काका, काय म्हणतंय ते?"

काकांना कानडी येत होतं. वखारीत निम्मा व्यवहार कानडीतच चालायचा. ते म्हणाले, "मी तुला सोडणार न्हाई म्हणतंय."

भूत सोडणार नाही म्हणत होतं. काकांनी मात्र मला तिथंच सोडलं. मी घरी पोचलो तेव्हा ते माजघरात घोंगडं पांघरून बसले होते आणि त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरीचं काय झालं ते पुढं सांगतो. सांगायचं ते एवढंच, की त्या रात्रीपासून भुताच्या गाण्यांचा मला नाद लागला. लोक रागदारी ऐकतात, लावणी ऐकतात; मी पंचेचाळीस वर्षं भुतं ऐकतो आहे.

या अभ्यासाला निपाणीसारखं गाव नाही. निपाणी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखू म्हणजे बिडी. थेटरात गाणं लागलं की आमच्याकडचा बाप्या बिडी ओढायला बाहेर उठायचा. गाणंही तीन-साडेतीन मिनिटांचं, बिडीही तेवढ्याचीच. दोघांचा जमाखर्च बरोबर जुळायचा. त्यामुळं कुठलं गाणं किती चांगलं हे आमच्याकडं पेपरातल्या परीक्षणावर ठरत नसे. किती माणसं बाहेर गेली त्यावर ठरे. नायक-नायिका बागेत पळायला लागले की निम्मं थेटर रिकामं. क्लबातला नाच असला की कुणी उठत नसे, पण त्याची कारणं संगीतातली नव्हती. आणि पांढरी साडी, हातात मेणबत्ती, धुकं, लांबून आलाप असं काही सुरू झालं की पेटवलेली बिडीही माणसं विझवून कानावर ठेवायची. कारण एकट्यानं बाहेर जायची हिंमत नसायची.

या सगळ्या वंशाची मूळ आजी म्हणजे 'महल'. साल १९४९, बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. पडद्यावर मधुबाला, आवाज लता मंगेशकरांचा. लताबाई तेव्हा वीस वर्षांच्या. त्याआधी काही वर्षं त्या कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये होत्या, म्हणजे आमच्या निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवर. तेव्हा हिंदी सिनेमातल्या भुताचा गळा आमच्याच पंचक्रोशीतून गेला, असं म्हणायला मला तरी कुणी हरकत घेऊ नये. 'महल'मधलं भुताचं गाणं लांबून जवळ येतं असं वाटायला हवं होतं. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. मग लताबाईंनी माइकपासून दूर उभं राहून गायला सुरुवात केली आणि गात गात हळूहळू माइकपाशी चालत आल्या. भुतानं कसं यायचं ते त्या दिवशी ठरून गेलं. तोवर आपल्याकडची भुतं झाडावरून थेट उडी मारायची.

गंमत म्हणजे त्या रेकॉर्डवर गायिकेचं नावच नव्हतं. 'कामिनी' असं पात्राचं नाव छापलं होतं. रेडिओवर गाणं वाजलं, लोक वेडे झाले आणि गातंय कोण ते कुणाला कळेना. देह नाही, नाव नाही, नुसता आवाज. याहून अस्सल भूत कुठलं?

पुढं हा कारखानाच झाला. 'मधुमती', 'बीस साल बाद', 'कोहरा', 'वह कौन थी', 'गुमनाम': हवेली बदलली, संगीतकार बदलले, सलील चौधरींपासून हेमंतकुमार, मदनमोहन, शंकर-जयकिशनपर्यंत सगळे येऊन गेले, पण आवाज लताबाईंचाच. फिल्मफेअरनं पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिलाच लताबाईंना मिळाला तो 'मधुमती'तल्या हाकेबद्दल, आणि पुढं 'बीस साल बाद'च्या गाण्याबद्दल पुन्हा मिळाला. त्या काळची साधी वाटणी होती: बाई जिवंत असून क्लबात नाचत असेल तर आशा, मरून धुक्यात फिरत असेल तर लता. मेल्यावर बाईचा गळा सुधारतो, हा या चित्रपटांचा एक आध्यात्मिक सिद्धांत आहे.

दुसरा सिद्धांत काकांनी मांडला होता: जे भूत गातं ते खोटं. हिशेब लिहिणारा माणूस. त्यानं यादीच केली होती. 'महल'मधलं भूत शेवटी माळ्याची पोरगी निघते. 'बीस साल बाद'मध्ये भूतबीत काही नाही, सूड घेणारा माणूस आहे. 'वह कौन थी'मध्ये जुळी बहीण आणि इस्टेटीचं कारस्थान. एकीला लग्न हवं, एकाला सूड, एकाला वाडा. म्हणजे आपल्या भाऊबंदकीत जे चालतं तेच, फक्त त्याला लताबाईंचा आवाज. अपवाद 'मधुमती'चा. तिथं खुन्याला घाबरवायला जिवंत बाईनं भुताचं सोंग घेऊन यायचं ठरतं. सोंगवाली बाई उशिरा पोचते आणि खरं भूत वेळेवर येतं. काका म्हणायचे, "बघ, मेल्यावर माणूस वक्तशीर हुतोय."

'वह कौन थी'चा एक किस्सा मला त्यांना फार उशिरा सांगता आला. त्यातल्या एका गाण्याचं शूटिंग ठरलं आणि लताबाई आजारी. रेकॉर्डिंग होईना. मग मदनमोहननी स्वतःच्या आवाजात गाणं ध्वनिमुद्रित करून पाठवलं आणि साधनानं पांढऱ्या साडीत, धुक्यात, त्यावर ओठ हलवले. बघ्यांना काय दिसलं असेल? देखणी बाई, आणि तोंडातून पुरुषाचा आवाज! काका एवढंच म्हणाले, "बाप्याचा आवाज लई वाईट." उसातला तो आवाज त्यांच्या डोक्यातून काही जात नव्हता.

मग रामसे बंधू आले. त्यांची कथा अशी सांगतात, की १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' नावाचा चित्रपट काढला. तो पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला लोक टाळ्या वाजवत होते. सात भावांनी विचार केला, लोकांना भेसूरच हवं तर तेवढंच देऊ. १९७२ साली त्यांनी महाबळेश्वरला जाऊन थोडक्या पैशात 'दो गज़ ज़मीन के नीचे' केला आणि पुढं 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाज़ा' अशी रांग लावली. रामसेंचं भूत गात नसे. ते तळघरात साखळदंडात पडून असायचं. गाणी म्हणायची ती सहलीला आलेली कॉलेजची पोरं, आणि तीही बहुतेक अंघोळ करताना. गाण्यात कितीही दंगा झाला तरी भूत मधे येत नसे. गाणं संपलं, टॉवेल गुंडाळला, की मग हात बाहेर. कलेचा एवढा मान आमच्याकडच्या पाहुण्यांनी गाण्याच्या बैठकीत राखलेला मी पाहिला नाही.

या काळात बेळगावातली थेटरं, ग्लोब, चित्रा, प्रकाश, स्वरूप-नर्तकी अशी, भुताच्या पिक्चरला कशी भरायची ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच माहीत. आणि मग रामगोपाल वर्मांनी घात केला. १९९९ साली 'कौन' आणि २००३ साली 'भूत', दोन्हींत गाणं म्हणून नाही. तोवर काका मुलाकडं बेळगावला राहायला आले होते. त्यांना मी 'भूत' दाखवायला नेलं. मध्यंतरानंतर ते अस्वस्थ झाले. म्हणाले, "गाणंच न्हाई, मग बाहेर जायचं कधी? हे भूत न्हवं, जाच हाय." बिडी न ओढता त्यांनी आयुष्यात पाहिलेला तो पहिला चित्रपट. बाहेर आल्यावर त्यांच्या सिद्धांतात भर पडली: "गात न्हाई ते खरं."

पाश्चात्त्य देशांत भुतानं गायचं की नाही हे कोडंच नाही. 'द एक्झॉर्सिस्ट' आला १९७३ साली आणि त्याच्याबरोबर माइक ओल्डफिल्ड नावाच्या विशीतल्या पोरानं केलेली 'ट्युब्युलर बेल्स'ची सुरावट जगभर झाली. शब्द नाहीत, नुसती घंटेची आणि पियानोची तीच तीच माळ. मायकेल जॅक्सननं १९८३च्या 'थ्रिलर'मध्ये मढ्यांना कबरीतून काढलं, पण गायला लावलं नाही, रांगेत नाचायला लावलं. म्हणजे तिकडचं भूत वाजतं, नाचतं. आपल्याकडचं भूत गातं, त्याला शायर लागतो, दोन अंतरे लागतात, आणि मरतानाही काफिया चुकत नाही.

मराठी भुतांचं काय, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. मुंज्या, हडळ, खवीस, समंध, झोटिंग, गिऱ्हा, चकवा. जातवार, गाववार, झाडवार अशी नोंद असलेली एवढी भुतं कुठल्या भाषेत नसतील. पण गाणारं? नाही. मराठी भूत व्यवहारी. मुंज्याला लग्न हवं, गिऱ्ह्याला तंबाखू हवी, बाकीच्यांना लिंबू, नारळ, कोंबडं. मागणी सांगतात, मिळाली की जातात. १९९३च्या 'झपाटलेला'मधल्या तात्या विंचूला तर फक्त देह हवा होता, तोही लक्ष्मीकांत बेर्ड्यांचा. तो मंत्र म्हणतो, पण चालीत म्हणत नाही. माझ्या मते याचं कारण नाट्यसंगीत. मराठी भुतानं एकदा पद धरलं असतं तर ताना, पलटे, मग 'वन्स मोअर', पुन्हा ताना, आणि तोवर पहाट. कोंबडा आरवला की भुताला जावं लागतं. भिववायचं राहूनच गेलं असतं.

तरी एक ठसठशीत अपवाद आहे. १९७६चा 'हा खेळ सावल्यांचा'. वसंत जोगळेकरांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, सुधीर मोघ्यांचे शब्द, पडद्यावर आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर. त्यातलं 'रात्रीस खेळ चाले' महेंद्र कपूर यांनी गायलं. नीट बघा: मराठी भुताचं सगळ्यात गाजलेलं गाणं गायलं कुणी, तर अमृतसरला जन्मलेल्या माणसानं. चाळीस वर्षांनी, २०१६ साली, झी मराठीला कोकणातल्या वाड्यावरची मालिका काढायची होती. भूत नवीन मिळालं, वाडा नवीन मिळाला, नाव मात्र त्या गाण्याचंच घ्यावं लागलं.

अमृतसरचा माणूस हा योगायोग नव्हे, हे मला शाळेच्या स्नेहसंमेलनात कळलं. माझी पुतणी बेळगावात मराठी शाळेत पाचवीत होती. 'भूल भुलैया' येऊन काही वर्षं झाली होती आणि प्रत्येक गॅदरिंगला एक तरी मंजुलिका, म्हणजे त्यातलं भूत, ठरलेली. महिनाभर ही पोर आरशासमोर डोळे वटारून, काजळ गालापर्यंत ओढून घुंगरू आपटत होती. आजी रोज संध्याकाळी मीठ-मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढायची. दृष्ट पोरीची काढायची की पोरीमुळं घरादाराची, यावर घरात मतभेद होते. कार्यक्रमाच्या दिवशी निवेदन झालं कानडीत, मग मराठीत, शाळा मराठी, चित्रपट हिंदी आणि गाणं लागलं बंगालीत. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, "काय म्हणतीया हो ती?" मी म्हटलं, "बंगाली आहे. मी तुझीच आहे, असं काहीसं." ते म्हणाले, "मग बरं हाय की! मी उगंच भिऊलालतो."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हा चित्रपट मूळचा मल्याळी. १९९३चा 'मणिचित्रताळ', फाझिल यांचा. त्यात भूत आहे नागवल्ली, आणि ती मल्याळी नाही, तंजावरची तमिळ नर्तकी आहे, गाते तमिळमध्ये. त्याचं कानडी रूप २००४चं 'आप्तमित्र'. तिथली नागवल्ली कानडी सोडून तेलुगूत गाते. २००५ला तमिळमध्ये रजनीकांतचा 'चंद्रमुखी' आला; मल्याळीत तमिळ असलेलं भूत तमिळमध्ये आल्यावर तमिळ राहील की नाही? नाही! तेही तेलुगू झालं. २००७ला हिंदीत आलं आणि बंगाली झालं. चार भाषा, चार सुपरहिट गाणी आणि एकाही भाषेचं भूत स्वतःच्या भाषेतलं नाही. भूत नेहमी शेजारच्या राज्यातलं. केरळला विचारा, भूत तमिळ. बेंगळूरला विचारा, तेलुगू. आपल्या भाषेत बोलणाऱ्याला माणूस 'काय पाहिजे' म्हणून विचारतो. परक्या भाषेत गाणाऱ्याला देव्हाऱ्यातला अंगारा लावतो.

आमच्या तवंदी घाटाचं ऐका. निपाणी सोडून बेळगावकडं निघालं की हायवेवर हा घाट लागतो. इथं रात्री पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, हे आमच्याकडं प्रत्येकाच्या मेहुण्याच्या मित्राला दिसलेलं आहे. मी बरीच वर्षं साक्षी गोळा केल्या. मराठी ड्रायव्हर सांगतात, बाई कानडीत हाक मारते. कानडी ड्रायव्हर सांगतात, मराठीत. एका तमिळ ट्रकवाल्याला कुठल्या भाषेत हाक मारली असेल ते विचारायचं राहिलं, पण तो थांबला असता तर बाईलाच दुभाष्या लागला असता. तसं कानडीत देवाला 'देवरु' म्हणतात आणि भुताला 'देव्व'. एवढ्याशा फरकानं हाक कुणाला जाईल याचा नेम नाही. नवशिक्या मराठी माणसानं संकटात कानडीत धावा न केलेला बरा.

सीमाभागात भुताला भाषेचा प्रश्न पडला तो खरा नव्वदच्या दशकात. बेंगळुराकडून अफवा निघाली, की रात्री एक बाई दार वाजवते, घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं. उपाय एकच: दारावर लिहायचं 'नाळे बा'. म्हणजे 'उद्या ये'. भूत येतं, वाचतं, परत जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं, पुन्हा वाचतं. साक्षर, आज्ञाधारक आणि विसराळू. पुढं २०१८ साली 'स्त्री' चित्रपट निघाला तो याच बीजावर. तिथं ही बाई मध्य प्रदेशातल्या चंदेरीला गेली आणि अर्थातच हिंदी वाचायला शिकली.

अफवा आमच्या बेळगावच्या गल्लीत आली तेव्हा मी नुकताच तिथं भाड्यानं राहायला गेलो होतो. लिहायचं कुठल्या भाषेत, यावर गल्लीत रीतसर बैठक झाली. एक म्हणाले, भूत बेंगळूरहून निघालंय, त्याला कानडीच येणार. एक निवृत्त गुरुजी उठले: "वाटेत मरून भूत झालेली बाई कागलची असली तर? तिला कानडी वाचता आलं नाही म्हणून तिनं दार फोडायचं?" शेवटी दोन्ही भाषांत लिहायचं ठरलं. पण घाईत कोपऱ्यावरच्या एका दारावर कानडीत 'उद्या ये' आणि मराठीत 'परवा ये' असं झालं. गुरुजी म्हणाले, असू दे, भूत दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांत जाऊन खुलासा मागेल, तोवर आपण सुटलो. आज लिहायची पाळी आली तर एवढं सोपं नाही. २०२४च्या कायद्यानं कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कानडी हवं. म्हणजे आधी फूटपट्टी, मग भूत.

त्या 'नाळे बा'ची आम्हाला भीती वाटली नाही, कारण सीमाभागाच्या दारावर ते कधीपासून लिहिलेलंच आहे. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं झाली; तेव्हापासून त्या तारखेला आमच्याकडं एका गल्लीत राज्योत्सव आणि दुसऱ्या गल्लीत काळा दिन. १९६६ला महाजन आयोग बसला, १९६७ला अहवाल आला. २००४ला महाराष्ट्र या सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं 'बेळगावी' झालं. खटला आहे तिथंच आहे. रोज कुणीतरी दार वाजवतं, वाचतं, परत जातं. मधूनच वातावरण तापलं की कोगनोळी नाक्यावर दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात, आणि मग घाटातल्या त्या बाईलाही लिफ्ट मिळत नाही.

एक गोष्ट मात्र भुतांच्या बाजूनं सांगायला हवी. शेजारच्या भाषेत गायचं हा त्यांचाच हट्ट नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली शिवपुत्र कोमकली जन्मले, कुमार गंधर्व झाले आणि माळव्यात जाऊन तिथली लोकगीतं आणि कबीर गाऊ लागले. गदगकडचे भीमसेन जोशी आमच्या आषाढी-कार्तिकीला अभंग ऐकवत आले. त्या आवाजांना कुणी अंगारा लावला नाही. आपण डोळे मिटून मान डोलावली आणि 'आपलेच' म्हणून टाकलं. गाणारा दिसला की गवई, नाही दिसला की भूत, एवढाच काय तो फरक.

आता काकांची चप्पल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या सुमारास एक माणूस ती हातात घेऊन आमच्या दारात आला. पलीकडच्या मळ्यातला कानडी शेतकरी, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे जागरणानं लाल. काका घोंगड्यातून बाहेर आले. तो म्हणाला, "रात्री लाईट आल्ती म्हणून उसाला पाणी फिरवाय आल्तो की ओ. एकटाच. अन् अंधारातनं ते हिंदी गाणं आलं बघा, चिरक्या आवाजात. हात-पाय गार झालं माझं. आवाज केला तर जवळ येत न्हाई म्हणतात, म्हणून मीबी धरलं गाणं."

"पण तेच कशाला धरलं?" काका ओरडले. "मी तुला सोडणार न्हाई?"

त्यानं आदल्या वर्षी 'ना निन्न बिडलारे' पाहिला होता. अनंत नाग आणि लक्ष्मीचा, १९७९चा, कानडीतला गाजलेला भुताचा चित्रपट. त्याच्या नावाचा अर्थच तो. अनंत नागला आम्ही मराठी माणसंही आपलाच समजतो. त्याच्या पिक्चरनं काकांची अशी दशा करावी हे काही बरं नव्हे. तो शेतकरी ओशाळून म्हणाला, "दुसरं गाणं पुरतं पाठ न्हाई की ओ."

"मग तू पळाला का न्हाईस?" मी विचारलं.

"पळून कसं चालंल बाळ? लाईट चारला जाती. पाणी कोण फिरवणार?" मग काकांकडं बघून म्हणाला, "अन् हे पळाले तवा कळलंच की, भूत न्हवं. भूत कशाला पळंल?"

आजीनं दोघांना चहा दिला. काका त्याला मराठीत शिव्या देत होते, तो कानडीत हसत होता. दोन्ही राज्यं आम्हाला 'ना निन्न बिडलारे' म्हणत आली, त्यालाही आता सत्तर वर्षं होत आली. तो माणूस मात्र चप्पल देऊन, चहा पिऊन, पाण्याची पुढची पाळी आहे म्हणून निघून गेला.

म्हणून निपाणी-बेळगावच्या वाटेवर रात्री उसातून कुणी गायला लागलं तर एवढं करा: पळू नका, पुढचं कडवं म्हणा. भाषा कुठलीही चालेल. पलीकडचाही घाबरूनच गात असतो. आणि पायात मागं पट्टा असलेली चप्पल घाला.